सामायिक खुराड्यातली खुडूक कोंबडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं खुराडं दोन्ही अर्थांनी सामायिक आहे. अठरा गावरान कोंबड्या आणि दोन कोंबडे एकाच छपराखाली राहतात, आणि त्यातल्या निम्म्या माझ्या, निम्म्या जाऊबाईंच्या. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा मळा आहे. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की गल्लीतल्या बायका, शाळेतली पोरं आणि हल्ली फोनवरून लांबचे नातेवाईकही तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. अंडी उबवायची कशी हे कोंबडीला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. आपल्याला फक्त बाकीच्यांना तिच्यापासून लांब ठेवायचं असतं, आणि त्या बाकीच्यांत आपणही आलो.

कोंबडी खरंच खुडूक झालीय की अंडं घालायला बसलीय, हे कसं ओळखायचं?

रात्री ओळखायचं. अंडं घालायलाही कोंबडी अर्धा-पाऊण तास खोक्यात बसते, त्यामुळे दिवसा बसलेली दिसली म्हणून घाई करू नका. दिवेलागणीला सगळ्या कोंबड्या दांडीवर चढतात. तेव्हाही एखादी खोक्यातच पसरून राहिली, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरली, टोचायला धावली, तर ती खुडूक. चालताना ‘खुडुक खुडुक’ असा आवाज काढते, नाव त्यावरूनच पडलंय. छाती-पोटाची पिसं ती स्वतःच उपटते, म्हणजे उघड्या कातडीची ऊब थेट अंड्यांना मिळते. दिवसातून एकदाच बाहेर येते आणि एकदम मोठी, भयंकर वासाची विष्ठा टाकते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कोंबडी आजारी पडली. तसं काही नसतं.

दोन रात्री सलग बसली तर तिसऱ्या रात्री तिच्याखाली अंडी ठेवा. पहिल्याच दिवशी चांगली अंडी ठेवली आणि तिचं मन फिरलं, तर ती वाया जातात.

बाकीच्या कोंबड्या तिच्याच खोक्यात येऊन अंडी घालतात. घालू द्यायची का?

नाही. सामायिक खुराड्यातलं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

कोंबडीला जिथे आधीच अंडी आहेत तिथेच अंडं घालावंसं वाटतं. जागा सुरक्षित असल्याची ती खूण असते तिच्या लेखी. म्हणून चार खोकी रिकामी असली तरी सगळ्या जणी खुडूक कोंबडीच्या अंगावर चढून तिथेच अंडं घालणार. त्या ढकलाढकलीत एखादं अंडं फुटतं. फुटलेल्या अंड्याचा बलक बाकीच्या अंड्यांना चिकटतो, त्यावर मुंग्या येतात. त्याहून वाईट म्हणजे एखादीला अंडं खायची चटक लागते. ती चटक मग सुटत नाही.

आणि समजा काहीच फुटलं नाही, तरी घोटाळा होतोच. कोंबडी दहा-बारा दिवसांत दहा-बारा अंडी घालते, पण पिल्लं मात्र जवळजवळ एकाच दिवशी निघतात, कारण गार जागी ठेवलेल्या अंड्यातला जीव झोपलेला असतो. ऊब लागली की घड्याळ सुरू होतं आणि तिथून 21 दिवस मोजायचे. रोज एक नवं अंडं खाली सरकलं की प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. दोन वर्षांपूर्वी मी अकरा अंडी ठेवली होती. कपाशी वेचायचे दिवस, माझं लक्ष नव्हतं. बघते तर एकोणीस अंडी झालेली. एवढी काही तिच्या पंखाखाली मावत नव्हती. आलटून पालटून कडेची अंडी गार पडत राहिली. एकविसाव्या दिवशी चार पिल्लं निघाली, दोन दिवसांनी ती चौघांना घेऊन उठली आणि चरायला निघून गेली. राहिलेल्या अंड्यांतली काही टॉर्चवर धरली तर आत पिल्लं हलत होती. ते बघून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मग तिला वेगळं कसं करायचं?

रात्री, अंधारात, आणि आधी तयारी करून. दिवसा उचलून दुसरीकडे ठेवली तर दहातल्या नऊ कोंबड्या उठून जुन्या जागेवर परत जातात. तिच्या लेखी घरटं म्हणजे जागा. अंडी दुसरीकडे नेली आहेत हे तिला समजत नाही. जुन्या खोक्यात एकही अंडं नसलं तरी तिथेच रिकामी बसून राहते.

नवी जागा संध्याकाळीच तयार करा. त्यात आधी खोटी अंडी ठेवा. तापीच्या पात्रातले गुळगुळीत गोटे आमच्या घरी तीन पिढ्या याच कामाला आहेत. टेबल टेनिसचे चेंडूही चालतात, पण हलके असल्यानं घरंगळतात. रात्री नऊच्या सुमारास, दिवा न लावता, दोन्ही हात तिच्या पोटाखालून घालून पंखांसकट उचला. पंखाखाली अंडं अडकलेलं असतं, तेवढं बघा; नाहीतर वाटेत पडतं. नव्या जागी ठेवून वरून डालं, म्हणजे कोंबड्या झाकायची टोपली, पालथं घाला आणि त्यावर गोणपाट टाका. अंधार असला की ती शांत बसते. दुसरा अख्खा दिवस तसंच राहू द्या, फक्त संध्याकाळी दाणा-पाण्याला काढा आणि परत जुन्या खोक्याकडे पळाली तर उचलून आणा. जुनं खोकं त्या काळात पालथं करून ठेवलेलं बरं. दोन दिवस गोट्यांवर नीट बसली की रात्री गोटे काढून खरी अंडी सरकवा.

माझी आजेसासू अहिराणीत एवढंच म्हणायची, “तिले बसू दे, हात नको लावू.” अंडी ठेवल्यावर तिसऱ्यांदा बघायला गेलं की हे ऐकावं लागायचं.

वेगळी म्हणजे किती वेगळी? माझ्या मते खुराड्याच्याच एका कोपऱ्यात, जाळी लावून. बाकीच्या तिला दिसल्या पाहिजेत, तिला शिवता कामा नये. काही जण दुसऱ्या घरात, पार माडीवर नेऊन बसवतात. उबवणी छान होते, पण महिना-दीड महिन्याने ती कळपात परतते तेव्हा तिला कोणी ओळख देत नाही. कोंबड्यांत कोण कोणाला टोचणार याचा क्रम ठरलेला असतो, आणि लांब गेलेली सगळ्यात खाली जाते. मग पिल्लांसमोर आईच मार खाते.

कोपराही मोकळा नाही. त्याच खोक्यात ठेवायची असेल तर?

चालेल, पण मग रोजचं काम वाढतं. ठेवलेल्या प्रत्येक अंड्याभोवती पेन्सिलीनं किंवा कोळशानं पूर्ण गोल रेघ मारा. एकाच बाजूला फुली मारली तर अंडं फिरल्यावर ती दिसत नाही, आणि कोंबडी अंडी दिवसातून कितीतरी वेळा फिरवते. संध्याकाळी तिच्याखाली हात घालायचा, बिनरेघेचं अंडं काढायचं. एक दिवस चुकला तरी दुसऱ्या दिवशी कळतं. खोकी मात्र वाढवा, चार-पाच कोंबड्यांना एक असावं, आणि रिकाम्या खोक्यांत एकेक गोटा ठेवा म्हणजे गर्दी तिकडे वळते.

शिवाय ती दाण्यासाठी उठून परत आली की चुकून शेजारच्या खोक्यात बसली नाही ना, हे बघा. हे फार होतं. खरी अंडी गार पडत असतात आणि बाई गोट्यावर ध्यान लावून बसलेल्या असतात.

अंडी किती ठेवायची? दुकानातली चालतील का?

गावरान कोंबडीला हिवाळ्यात दहा-बारा. बसल्यावर कडेला एकही अंडं दिसता कामा नये, हाच हिशेब.

दुकानातली पांढरी अंडी ज्या फार्मातून येतात तिथे कोंबडाच नसतो. ती कितीही दिवस उबवली तरी सडतील, दुसरं काही होणार नाही. अंडी कोंबडा असलेल्या कळपातलीच हवीत, आठवड्याच्या आतली, फ्रिजमध्ये न ठेवलेली, न धुतलेली. धुतलं की कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि घाण आत शिरायला वाट होते. शेण लागलेलं अंडं बाजूला काढा, भुर्जी करा. साठवताना बोथट टोक वर, निमुळतं खाली. आम्ही माठाशेजारी ओल्या वाळूवर वाडगा ठेवून त्यात ठेवतो.

कडकनाथची अंडी गावरान कोंबडीखाली बिनदिक्कत ठेवा. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचा. 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. काळ्या मांसाला भाव आहे, पण त्या जातीची कोंबडी स्वतः फारशी बसत नाही. गिरिराजा या सुधारित जातीचंही तेच. त्यामुळे ज्यांनी गावरान काढून टाकली आणि नुसत्या सुधारित आणल्या, ते आता खुडूक कोंबडी उसनी मागायला आमच्याकडे येतात. बदकाची अंडी ठेवायची असतील तर लक्षात ठेवा, त्यांना 28 दिवस लागतात. कोंबडीच्या अंड्यांत मिसळू नका.

घरटं कशाचं करावं?

दीड फूट लांब, सव्वा फूट रुंद खोकं, टोपली किंवा केळीच्या गाडीतलं जुनं प्लॅस्टिकचं क्रेट. तळाला दोन-तीन बोटं माती, वाटीसारखा खोलगट आकार दिलेली, म्हणजे अंडी मध्ये गोळा होतात. वर गव्हाचं काड, नवापूरकडे भाताचा पेंढा, नाहीतर वाळलेली केळीची पानं फाडून. कापूस मात्र नको. घरात पडलेला असतो म्हणून घालायचा मोह होतो, पण त्याचे धागे पिल्लांच्या पायाला गुंडाळतात आणि पाय सुजतो. घरटं जमिनीवरच असावं. पहिल्या दिवशी पिल्लू उंचावरून पडलं तर आई त्याला वर घेऊ शकत नाही.

उन्हाळ्यात बसवावी का?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आणि नेमक्या तेव्हाच कोंबड्याही खुडूक होतात. त्यांचं ऐकू नका.

अंड्याला आत 37.5 ते 38 अंश लागतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. हवाच अंड्यापेक्षा तापलेली असेल तर कोंबडी ऊब देणार की गारवा? बिचारी चोच उघडी टाकून धापा टाकते, अंड्यांवरून उठून उभी राहते, आणि आतला जीव शिजतो. शिवाय ठेवायच्या आधीच बिघाड झालेला असतो: फडताळात पडलेल्या अंड्यात उकाड्यानं अर्धवट वाढ सुरू होते, थांबते आणि मरते. वरून कोरडी हवा. एकविसाव्या दिवशी पिल्लानं कवच फोडलं तरी आतला पापुद्रा चामड्यासारखा वाळलेला असतो, त्यात ते अडकून राहतं.

तरी हट्ट असेलच, तर सहा-सातच अंडी ठेवा, तीही तीन-चार दिवसांच्या आतली. फुटक्या माठाचा खालचा अर्धा भाग घ्या, त्यात ओली माती, वर काड. बाहेरून रोज पाणी मारा. पत्र्याखाली अजिबात नको. ज्यांच्याकडे अजून धाब्याचं घर शाबूत आहे त्यांनी आतल्या खोलीत बसवावी. मातीच्या त्या जाड छतानं जेवढा गारवा राहतो तेवढा आमच्या सिमेंटच्या घरात कूलर लावूनही राहत नाही. लोखंडी घमेलं उन्हाळ्यात तव्यासारखं तापतं, ते टाळा.

आमच्याकडचा उत्तम काळ कार्तिकापासून माघापर्यंत. पावसाळ्यात ओल आणि साप दोन्ही असतात.

ती काही खातच नाही. जबरदस्ती करावी का?

रोज पंधरा-वीस मिनिटं स्वतः उठत असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. वजन थोडं उतरणारच. ज्वारी, मका असे सबंध दाणे घाला, त्यानं विष्ठा घट्ट राहते आणि घरटं घाण होत नाही. दाणा-पाणी घरट्यापासून चार-पाच फुटांवर ठेवा. अगदी चोचीपुढे ठेवलं की ती उठतच नाही आणि तिथेच घाण करते. दोन दिवस उठली नाही तर मात्र हलक्या हातानं उचलून बाहेर ठेवा. त्या वेळी बाकीच्या कोंबड्या कोंडलेल्या असाव्यात. पंधरा मिनिटांत तिला खायचं, प्यायचं, धुळीत लोळायचं असतं, त्यात भांडायला वेळ नसतो.

उवा, पिसवा झाल्या तर?

एकाच जागी बसून राहिल्यानं त्या तिला खातात आणि शेवटी ती अंडी सोडून उठते. बसवायच्या आधी तिच्या पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी बघून घ्या. तिच्या बाहेर यायच्या जागी चुलीची चाळलेली राख आणि कोरडी माती मिसळून ठेवा, ती स्वतः लोळते. घरट्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला. पिकावर मारायचं कीटकनाशक, कितीही पातळ केलं तरी, घरट्यात मारू नका. कपाशीच्या शिल्लक औषधानं खुराडं ‘साफ’ केलेलं आणि सकाळी सगळं मेलेलं मी पाहिलंय.

साप, मुंगूस, मांजर यांचं काय?

बाकीच्या कोंबड्या दांडीवर असतात, ही एकटी जमिनीवर. म्हणून पहिला घाला तिच्यावरच. जाळी अर्ध्या इंचाची घ्या. कोंबडीची म्हणून मिळणारी मोठ्या भोकाची जाळी कोंबडीला अडवते, सापाला नाही. जाळीचा खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरा, म्हणजे मुंगूस उकरायला लागलं की त्याला जाळीच लागते. मुंगूस दिवसा येतं हे विसरू नका. रात्री कडी लावून दिवसा दार उघडं टाकण्यात अर्थ नाही. दाणा सांडू देऊ नका, दाण्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. नाग, धामण अंडी गिळतात. घरट्यात हात घालण्याआधी टॉर्च मारा, दर वेळी. साप दिसला तर मारू नका, गावातल्या सर्पमित्राला बोलवा.

मधे अंडी तपासावी का?

एकदाच, सातव्या ते दहाव्या दिवसात, रात्री. मोबाइलच्या टॉर्चवर बोथट टोक धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये काळा ठिपका दिसला तर जीव आहे. नुसता पिवळसर उजेड आरपार आला तर ते अंडं काढून टाका, नाहीतर सडून घरट्यात फुटतं. अठराव्या दिवसानंतर हात लावायचाच नाही, हलवायचं तर मुळीच नाही.

वीज कडाडली की अंडी बिघडतात म्हणतात. कोळसा आणि खिळा ठेवू का?

ठेवा, बिघडत काही नाही. आमच्याकडे ठेवतातच. पण वादळात अंडी जातात ती कोंबडी घाबरून उठते, घरटं भिजतं, रात्रभर अंडी गार पडतात म्हणून. खिळ्याबरोबर छपराचं गळतं भोकही बुजवा.

दोघी एकदम खुडूक झाल्या तर?

एकाच रात्री दोघींखाली अंडी ठेवा, पण दोन घरट्यांत, मध्ये आडोसा घालून. एकाच खोक्यात ठेवल्या की अंड्यांची ओढाताण होते. पिल्लं निघाली की हवं तर सगळी एकीखाली रात्री सरकवता येतात आणि दुसरी लवकर अंड्यावर येते, म्हणजे पुन्हा अंडी घालू लागते.

एकवीस दिवस झाले, पिल्लं नाहीत.

दोन दिवस थांबा. तेविसाव्या दिवसानंतर आशा सोडा. कवचाला चीर पडली असेल आणि पिल्लू आत चिवचिवत असेल तर ओढून काढू नका. चीर ते बाहेर येणं यात बारा-पंधरा तास, कधी जास्तही जातात. आत रक्तवाहिन्या जिवंत असतात, घाईनं सोललं की रक्तस्राव होतो.

पिल्लांना लगेच दाणा द्यायचा का, आणि कळपात कधी सोडायचं?

पहिला दिवसभर पोटातल्या बलकावर त्यांचं भागतं. नंतर ज्वारी-बाजरीची बारीक कणी, आणि परवडलं तर पिल्लांचं तयार खाद्य, कारण त्यातली प्रथिनं नुसत्या कणीत नसतात. पाणी उथळ झाकणात, त्यात खडे टाकून. खोल भांड्यात पिल्लू बुडतं. आईसकट तीन-चार आठवडे जाळीतच. मग संध्याकाळी, सगळ्या दमलेल्या असताना, अर्धा तास सोडा. घार आणि कावळ्यांसाठी वर आडोसा हवा. सहा-आठ आठवड्यांत आई स्वतःच त्यांना टोचून दूर करते आणि पुन्हा अंड्यावर येते.

पहिल्या आठवड्यात राणीखेत रोगाची लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. कुपी शंभर-दोनशे पिल्लांची असते आणि मिसळल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी बोलवा. बाहेरची कोंबडी थेट खुराड्यात आणू नका, आधी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात सापडला होता, आणि 2021 मध्ये तो तिथे पुन्हा आला. एकाएकी चार-पाच कोंबड्या मेल्या तर त्या उकिरड्यावर फेकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

बसवायचीच नाही. खुडूक मोडायची कशी?

नाकात पीस खुपसणं, पाण्यात बुचकळणं, पाय बांधणं, हे सगळं बंद करा. खालून जाळी असलेल्या पिंजऱ्यात, उजेडात, दाणा-पाणी देऊन तीन-चार दिवस ठेवा. पोटाला खालून वारा लागला की ती आपोआप भानावर येते.

अंडी एकीची, कोंबडी दुसरीची. पिल्लं कोणाची?

निम्मी-निम्मी. हे अंडी ठेवायच्या आधी बोलून घ्या, पिल्लं निघाल्यावर नाही. विषम आली तर जादाचं पिल्लू कोंबडीच्या मालकिणीचं, असा आमचा ठराव आहे. गेल्या खेपेला नऊ निघाली. जादाचं जाऊबाईंना गेलं, मोठं होऊन कोंबडा निघालं, आणि आता पहाटे चारला माझ्याच खिडकीखाली आरवतं.